एका अनामिक पेटीची पाठचिकित्सा

नाव नसलेली वस्तू आणि नाव नसलेली पोथी यांच्यात फारसा फरक नसतो. दोन्हींच्या बाबतीत पहिला मोह एकच असतो, तो म्हणजे एखादे मोठे नाव चिकटवून मोकळे होण्याचा. आपल्या वाङ्मयेतिहासात या मोहाला बळी पडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा दिसली की तो त्या संताचा, ओवी थोडी जुनी वाटली की ती थेट यादवकाळातली, अशी घाई पूर्वसूरींनी केली आणि ती निस्तरण्यात पुढच्या पिढ्यांची हयात गेली. वर्गात हे शिकवताना मी नेहमी बजावत असे की आधी साधन तपासा, नाव मागाहून. मात्र ही शिस्त घरातल्या वस्तूला आणि घरातल्या माणसाला लावण्याची वेळ आली, तेव्हा ती किती जड जाते हे कळले.

प्रसंग २०२२ सालचा. स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीनिमित्त गावच्या हायस्कूलने एक छोटेखानी प्रदर्शन भरवायचे ठरवले. आमचे गाव सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि त्याच्यावर गोळीबार झाला, हे या भागात अजून घराघरांत सांगितले जाते. त्या मोर्च्यात आमचे आजोबा होते. तेव्हा मुख्याध्यापकांनी आमच्याकडे 'ती पेटी' मागावी हे स्वाभाविकच होते. माळ्यावर पोत्यात गुंडाळलेली एक लोखंडी पेटी आमच्या घरात कित्येक वर्षे होती आणि ती बेचाळीसच्या भूमिगत रेडिओ केंद्राच्या यंत्राचा भाग आहे, असे घरातले सगळे मानत आले होते. वडिलांनी आम्हांला तसे सांगितले होते. पेटीसोबत ठेवायचा मजकूर मी लिहावा, असा निरोप आला. मराठीचा प्राध्यापक घरात असल्यावर दुसऱ्या कोणाला कशाला सांगायचे!

चार ओळींचा मजकूर. पण लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. 'भूमिगत रेडिओ केंद्राचे यंत्र' असे लिहायचे, तर आधार काय?

बेचाळीसच्या भूमिगत रेडिओचा इतिहास आपल्याला बऱ्यापैकी ज्ञात आहे. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला. ऑगस्ट १९४२ मध्ये तो सुरू झाला, ४२.३४ मीटरवर ऐकू येई, पोलिसांना चुकवण्यासाठी त्याची जागा वरचेवर बदलत असे. राममनोहर लोहिया यांचा त्याच्याशी निकटचा संबंध होता. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला आणि ते केंद्र संपले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. युद्ध सुरू होताच १९३९ साली हौशी प्रक्षेपकांचे परवाने सरकारने रद्द केले होते आणि यंत्रे जमा करून घेतली होती. त्यामुळे असे यंत्र उभे करणे हेच मोठे जोखमीचे काम होते. या साऱ्या कथेचा रंगमंच मुंबई आहे. त्यातला एखादा भाग खटाव तालुक्यातल्या माळ्यावर येणे अशक्य नाही, पण ते आपोआप घडत नाही. ते सिद्ध करावे लागते.

पाठचिकित्सेत पुरावा दोन प्रकारचा मानतात, बाह्य आणि अंतर्गत. बाह्य पुरावा माझ्यापाशी कौटुंबिक आख्यायिकेपलीकडे नव्हता. राहिला अंतर्गत पुरावा, म्हणजे खुद्द पेटी. आमच्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याला बरोबर घेऊन मी ती साताऱ्यात एका वृद्ध रेडिओ-दुरुस्ती कारागिराकडे नेली. त्यांनी पहिली सूचना केली ती अशी: "सर, काहीही करा, पण ही घरच्या प्लगात खुपसू नका." जुन्या पेटीतले कंडेन्सर वाळलेले असतात आणि आत काय आहे हे कळण्याआधी तिला वीज देणे म्हणजे पेटीही घालवणे आणि कदाचित स्वतःलाही. आम्हांला पोथी उलगडण्याआधी कागद तुटतो का हे पाहायला शिकवतात, त्याच जातीचा हा सावधपणा.

पेटी उघडण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी, कारण व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिलेली पिढी आता विरळ होत चालली आहे. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातील तार तापली की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि पलीकडच्या धातूच्या पट्टीकडे, म्हणजे प्लेटकडे, धाव घेतात. मधल्या जाळीवर आलेला क्षीण संदेश या प्रवाहाला कमीजास्त करतो आणि तोच मोठा होऊन बाहेर पडतो. या व्यवहाराला दोन वेगवेगळ्या विजा लागतात. तार तापवायला कमी दाबाची आणि प्लेटला जास्त दाबाची, साधारण ९० ते २५० व्होल्ट. सुरुवातीच्या रेडिओंत तर जाळीसाठी तिसरी बॅटरीही असे. म्हणजे रेडिओ घेणे एक आणि त्याचे पोट भरणे दुसरे, अशी स्थिती होती. भिंतीतल्या विजेवर रेडिओ चालवून बॅटरीचा जाच संपवण्याची धडपड विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातली आहे. अमेरिकेत रेथिऑन कंपनीने १९२५ साली त्यासाठी खास वायूभरित व्हॉल्व्ह बाजारात आणला आणि त्याच वर्षी कॅनडात एडवर्ड रॉजर्स यांनी बॅटरीविना चालणारा संच विकायला काढला. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, तेव्हा हे तंत्र कोवळेच होते.

पण भिंतीत वीज असेल तर! ज्या गावात वीजच नाही, तिथे या साऱ्या प्रगतीचा उपयोग शून्य. तिथे दोनच मार्ग होते. एक म्हणजे ९० व्होल्टची सुकी बॅटरी, जी महाग असे आणि संपली की फेकून द्यावी लागे. दुसरा मार्ग मोटारीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीवर भागवण्याचा. ती पुन्हा भरता येते, पण सहा व्होल्टांत प्लेटचे काम होत नाही. सहाचे अडीचशे कसे करायचे? ट्रान्स्फॉर्मर दाब वाढवतो हे खरे, पण त्याला बदलता प्रवाह लागतो आणि बॅटरीचा प्रवाह तर एकाच दिशेने वाहणारा. यावर काढलेली तोड मोठी मौजेची आहे. एका लहान डबीत पोलादी पाते बसवायचे आणि विजेच्या घंटेसारखे ते सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा थरथरत ठेवायचे. दर थरथरीला ते प्रवाह ट्रान्स्फॉर्मरच्या एका अंगाला, मग दुसऱ्या अंगाला देते. असा तुकड्यातुकड्यांनी आलेला प्रवाह ट्रान्स्फॉर्मर स्वीकारतो, वाढवतो आणि मग एक व्हॉल्व्ह त्याला पुन्हा एकदिशा करतो. या डबीला व्हायब्रेटर म्हणतात.

आता पेटीकडे वळू. बाहेर नाव नाही, कंपनीची पट्टी नाही. पट्टी जिथे असावी तिथे दोन भोके तेवढी आहेत. मागून घरगुती विजेची दोरी निघत नाही. त्याऐवजी करंगळीएवढ्या जाड दोन तारा, टोकांना चिमटे, आणि चिमट्यांवर हिरवट पांढुरका क्षार. तळाचा पत्रा एका कोपऱ्यात खाल्लेला. कारागिरांनी बोट फिरवून सांगितले की हे ॲसिड आहे. म्हणजे पेटी बॅटरीच्या शेजारी बसलेली. आत एक ट्रान्स्फॉर्मर. त्याच्या एका बाजूची तार जाड, मल्टिमीटरवर एका ओहमपेक्षाही कमी रोध, दुसऱ्या बाजूची केसासारखी बारीक, रोध काही शेकडा ओहम. भिंतीतल्या विजेसाठी केलेल्या ट्रान्स्फॉर्मरची पहिली गुंडाळी इतकी कमी रोधाची नसते. शेजारी चार पायांच्या बैठकीत एक ॲल्युमिनियमची गोल डबी. ती हलवली तर आतले काही लागत नाही, कारण आवाज दबावा म्हणून आत रबराचे अस्तर असते. हाच तो व्हायब्रेटर.

इथपर्यंत पेटीचे कूळ ठरले. पण कूळ ठरले म्हणजे काळ ठरला असे नाही. अशा पेट्या १९३० नंतरच्या मोटार-रेडिओंतही असत. शिवाय मला खोटी घाई करायची नव्हती. एवढ्याशा पेटीवर प्रक्षेपक चालणारच नाही, असा युक्तिवाद सहकाऱ्याने सुचवला, पण तो टिकला नाही. अगदी लहानसा प्रक्षेपक हिच्यावरही चालू शकतो. केवळ शक्ती कमी म्हणून आख्यायिका खोटी, असे म्हणता येत नव्हते.

निर्णय झाला तो व्हॉल्व्हवरून. काचेवर पुसट अक्षरे होती: ईझेड ८०. या नावाचे एक व्याकरण आहे आणि ते ऐकताना मला पाणिनीची आठवण झाली. युरोपात १९३४ साली ही नामपद्धती ठरली. पहिले अक्षर तार तापवण्याच्या विजेचे: ए म्हणजे ४ व्होल्ट, डी म्हणजे १.४, ई म्हणजे ६.३. दुसरे अक्षर कार्याचे: एल म्हणजे ध्वनी बाहेर देणारा, वाय म्हणजे प्रवाहाची अर्धी लाट सरळ करणारा, झेड म्हणजे दोन्ही अर्ध्या सरळ करणारा. पुढचा अंक बैठकीचा: ३ म्हणजे आठ पायांची, ८ म्हणजे नऊ पायांची लहान काचेची. ६.३ हा विचित्र आकडा तरी कुठून आला? मोटारीच्या बॅटरीत तीन घरे, प्रत्येकाचे सुमारे २.१ व्होल्ट, त्यांची बेरीज ६.३. मोटारीच्या बॅटरीचा वारसा पुढे घरातल्या रेडिओंतही चालत राहिला. शब्दाच्या पोटात त्याचा इतिहास दडलेला असावा, तसाच हा प्रकार.

नऊ पायांची ती बैठक महायुद्धानंतर प्रचारात आली. ईझेड ८० हा व्हॉल्व्ह १९५०च्या दशकातला. १९४२ साली या जागी बहुधा आठ पायांचा, मधोमध खुंटी असलेला व्हॉल्व्ह असता.

येथे कोणीही पाठचिकित्सक विचारील तो प्रश्न मीही विचारला. व्हॉल्व्ह तर बदलता येतो. जुन्या पोथीत मागाहून ओव्या घुसडतात, तसा हा प्रक्षेप नसेल कशावरून? कारागीर हसले आणि त्यांनी पेटी उलटी केली. व्हॉल्व्ह बदलता येतो, बैठक बदलणे तितके सोपे नाही. आठ पायांच्या बैठकीचे भोक मोठे असते. त्यात नऊ पायांची लहान बैठक बसवायची तर मध्ये पत्र्याची चकती घालावी लागते, नवे स्क्रू दिसतात. इथे बैठक मूळ पत्र्याला रिव्हेटने ठोकलेली होती, भोक नेमके तेवढेच होते आणि डाक सर्वत्र एकाच हाताचा, एकाच रंगाचा होता. पोथीचा कागद, शाई आणि हस्ताक्षर तिन्ही एकच. म्हणजे प्रक्षेप नव्हे, मूळ संहिताच. पेटी १९५० नंतरचीच. बेचाळीसशी तिचा संबंध असणे शक्य नाही.

सातारहून परतताना मी फारसा बोललो नाही. एक कोडे सुटले होते आणि एक माणूस लहान झाला होता, निदान मला तेव्हा तसे वाटले. आजोबा मी लहान असतानाच वारले. त्यांच्याविषयी माझ्यापाशी होत्या त्या एकदोन गोष्टीच, आणि त्यातली एक मीच खोडून काढली होती.

आता बाह्य पुराव्याकडे पुन्हा जाणे भाग होते. आत्या गावातच राहते. ती आजोबांची थोरली लेक, जन्म १९४६चा. मी तिला काही न सांगता नुसते विचारले, "आत्या, तुला ती माळ्यावरची पेटी आठवते का गं?" ती म्हणाली, "आठवती की! बातम्या लागायच्या आधी गुणगुणायची ती. भुंगा कोंडल्यागत. मग पारावर समदी गप व्हायची."

या दोन वाक्यांत माझ्या साऱ्या तपासाचा पडताळा होता. व्हायब्रेटरचे पाते थरथरू लागले की तशी गुणगुण येतेच. ती कितीही दाबली तरी थोडी उरते. आत्याने ती स्वतः ऐकली होती, म्हणजे १९४२ साली नव्हे, कारण तेव्हा ती जन्मलीही नव्हती. आणि ती ऐकली होती पारावर, म्हणजे चारचौघांत, लपूनछपून नव्हे.

पुढे ग्रामपंचायतीच्या जुन्या दप्तरात शोध घेतला. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. पुढे जन्मभर त्यांनी गावोगावची दप्तरे पालथी घातली, तेव्हा त्यांनी काय धूळ खाल्ली असेल याची किंचित कल्पना मला त्या दोन दिवसांत आली. १९५७च्या जड वस्तूंच्या नोंदवहीत एक ओळ सापडली: रेडिओ एक, सहा व्होल्ट, पेटी व भोंग्यासह. आणि खर्चाच्या वहीत दर महिन्याला दोनदा बॅटरी भरून आणल्याची नोंद, समोर आजोबांची सही. अक्षर ओळखीचे होते. आमच्या घरातल्या जमिनीच्या कागदांवर तेच आहे. १९६८च्या वहीत तीच पेटी 'निकामी' म्हणून खाली काढली आहे. त्या सुमाराला गावात वीज आली होती आणि ट्रान्झिस्टरही. टाकून द्यायची पेटी आजोबांनी घरी आणून ठेवली असणार.

या नोंदींना एक मोठी चौकट आहे. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने तेथून ग्रामीण श्रोता मंडळांचा एक प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडली होती. आठवड्यातून दोनदा असे वीस कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, मग चर्चा करायची, प्रश्न केंद्राला कळवायचे आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे ऐकायची. कॅनडातल्या शेतकरी श्रोता मंडळांच्या धर्तीवर हे योजले होते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले आणि पॉल न्यूरथ यांनी त्यावर सविस्तर लिहिले. १९५९पासून ही मंडळे देशभर पसरली. आपण नभोवाणीचा इतिहास लिहितो तो केंद्रांचा, निवेदकांचा, श्रुतिकांचा. हा आवाज पारावर पोहोचण्यासाठी सहा व्होल्टांचे अडीचशे करणारी एक निनावी पेटी लागत होती आणि शिशाने जड झालेली बॅटरी तालुक्याला नेऊन आणणारा एक माणूस लागत होता, याची दखल त्या इतिहासात क्वचितच येते.

मग आख्यायिका आली कुठून? ती खोटेपणातून आली असे मला वाटत नाही. आत्याच्याच बोलण्यात नंतर आले की आजोबा बेचाळीसला वडूजला कोणाकडे तरी लपून 'काँग्रेसचा रेडिओ' ऐकायला जात, असे ते स्वतः सांगत. ही एक गोष्ट. घरात रेडिओची एक पेटी होती, ही दुसरी. आजोबा गेल्यावर दोन गोष्टींमधली पंधरा वर्षे गळून पडली आणि दोन पाठांचा एक पाठ झाला. नकलाकाराची नजर एका ओळीवरून तसल्याच दुसऱ्या ओळीवर घसरते आणि मधला मजकूर सुटतो, हा दोष पोथ्यांत पावलोपावली आढळतो. त्यात लबाडी नसते. कौटुंबिक स्मृतीही नक्कलच करत असते, आणि तिचा नकलाकार बहुधा प्रेमात पडलेला असतो.

मुख्याध्यापकांना मी खरे ते सांगितले. ते थोडे हिरमुसले. म्हणाले, "सर, राहू द्या ना तसंच. कोण तपासायला येतंय?" कोणी येणार नव्हते हे खरेच. पण वडूजला ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांच्या नावांच्या फलकाशेजारी ही पेटी मांडली जाणार होती. त्या फलकावरचा शब्दन् शब्द खरा आहे. त्याच्या शेजारी एक सोयीची खोटी ओळ ठेवली, तर उद्या शंका घेणारा माणूस त्या ओळीपाशी थांबणार नाही. तो फलकावरही शंका घेईल. आजोबा वडूजच्या मोर्च्यात होते, ते सिद्ध करायला त्यांना या पेटीची गरज नव्हती.

शेवटी मजकूर चारच ओळींचा झाला. 'व्हायब्रेटर वीजपुरवठा पेटी, १९५०चे दशक. सहा व्होल्टच्या मोटार-बॅटरीवर गावचा सार्वजनिक रेडिओ हिच्यामुळे चालत असे. गावात तेव्हा वीज नव्हती. बॅटरी महिन्यातून दोनदा तालुक्याहून भरून आणली जाई.' बॅटरी कोण आणत असे, ते लिहिले नाही. पण उद्घाटनाच्या दिवशी आत्या पेटीसमोर बराच वेळ उभी होती आणि जमलेल्या पोरांना सांगत होती, "डोक्यावरनं आणायचा माझा बाप ती. येष्टी चुकली की चालत." पोरांनी विचारले, ही पेटी बोलायची का? आत्या म्हणाली, "बोलायची न्हाई. पर हिच्याबिगर कोण बोलत नव्हतं."

मजकुरात ती ओळ घालायला हवी होती, असे मला अजून वाटते.